कळकलेला सांधा

खर्र…

खाली फरशीवर स्टूल सरकलं आणि माळ्यावरची शांतता मोडली. वाघोलीतल्या या फ्लॅटमध्ये दुपारची जेवणं झाली, छोटी सृष्टी झोपली, की घर इतकं गप्प होतं की नळातून ठिबकणारं पाणीसुद्धा मला वर ऐकू येतं. मी एका बिस्किटाच्या जुन्या डब्यात पडलेलो असतो. स्टूल सरकलं की माझा जीव गोळा होतो. वाटतं, आली. मलाच न्यायला आली. पण हात वर येतो तो बहुतेक वेळा प्रवासाच्या बॅगेसाठी, नाहीतर गणपतीच्या माळांसाठी. मग माळ्याचं दार बंद होतं आणि मी पुन्हा अंधारात.

त्या दुपारी मात्र हात थेट माझ्या डब्यावर आला.

मित्रांनो, मी एक जुना सोल्डरिंग आयर्न आहे. पिवळा दांडा, मागे लांब वायर आणि पुढे एक टोकदार तोंड. दुकानात या तोंडाला बिट म्हणतात. दोन तारा नुसत्या पिळून ठेवल्या तर त्या आज ना उद्या सुटतात. मी तापतो, मऊ धातूची तार वितळवतो आणि तो थेंब त्या दोन तारांवर सोडतो. थेंब थंड झाला की तारा एकमेकींना धरून बसतात. या जोडकामाला आपल्याकडे जुनी माणसं डाख लावणं म्हणतात. माझं सगळं आयुष्य या एका कामात आलं. मोठं काम नाही. पण ते नसेल तर रेडिओ बोलत नाही आणि खेळण्यातली मोटार फिरत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या एका दुकानापासून. तिथे मी काचेखाली माझ्या भावंडांबरोबर पडून होतो. एक दिवस दोन वेण्या घातलेली एक मुलगी आणि तिचे वडील काउंटरसमोर उभे राहिले. मुलगी तेजस्विनी. तिनं नुकताच इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला होता. वडील दत्तोबा, कसबा पेठेतले तांबट. तांब्याचे हंडे, बंब, घंगाळी घडवणारे. त्यांना ती अण्णा म्हणायची. जन्मभर तांब्यावर हातोडा चालवून त्यांच्या कानांवर तेव्हाच परिणाम झाला होता, म्हणून ते सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं बोलायचे.

त्यांनी सगळ्यात जाडजूड आयर्नकडे बोट दाखवलं. मोठं घेतलं म्हणजे परत घ्यायला नको, असा त्यांचा हिशेब. दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं.

"काका, मुलीला रेडिओ जोडायचाय की रेल्वेचे रूळ?"

अण्णांना अर्धंच ऐकू आलं, पण गल्लीतली चार माणसं हसली. तेजस्विनी हसली नाही. तिनं त्यांच्या बाहीला हात लावला आणि कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "अण्णा, तुमच्या हंड्याला मोठा ताव लागतो. माझ्या सर्किटच्या पट्टीवर केसाएवढ्या तांब्याच्या रेघा असतात. तेवढा ताव दिला तर रेघ उचकटून हातात येईल."

अण्णांनी मान हलवली. ताव म्हणजे काय, ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मग तिनं मला उचललं. पंचवीस वॅटचा, हलका, लेखणीसारखा धरता येणारा. तिनं माझं टोक उजेडात धरून पाहिलं, वायर वाकवून पाहिली, दांडा मुठीत घेतला. मित्रांनो, निवड होणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

मग डाखाच्या तारेची निवड. दुकानदारानं आधी जाड तार काढली. ती नळवाल्यांची म्हणून तिनं परत दिली. बारीक तार घेतली. हिच्या पोटात राळ भरलेली असते. तार वितळली की राळ आधी पसरते, तांब्यावरचा मळ सोडवते आणि मग धातू नीट चिकटतो. अण्णांनी ती तार नाकाशी नेली, दाताखाली दाबून पाहिली.

"नवसागर नाही यात?"

"नसतो, अण्णा."

"मग धरेल कशानं?" ते स्वतःशीच म्हणाले.

त्यांचंही बरोबर होतं. नवसागर म्हणजे पांढऱ्या खड्यांचा एक खार. तांबटाच्या घरात कल्हई लावायची असो की डाख, तापल्या तांब्यावर आधी नवसागराची चिमूट पडते. पांढरा धूर निघतो आणि तांबं आरशासारखं होतं. त्यांच्या बापानं तसं केलं, त्यांनी तसं केलं. नवसागराशिवाय सांधा, ही गोष्ट त्यांच्या हाताला पटेना.

मला ठेवायला स्टँड हवा होता. अण्णांनी घरी जाऊन तांब्याची जाड तार एका पहारीवर गुंडाळली आणि मला एक गोल पिंजरा करून दिला. ओला स्पंज ठेवायला एक इवलीशी वाटी ठोकली. दुसऱ्या कुठल्या साध्या आयर्नच्या नशिबी असा थाट नसेल.

ती माझी ऐन भरातली वर्षं होती. संध्याकाळी अण्णांचा हातोडा थांबला की त्याच ओट्यावर तेजस्विनी मला तापवायची. अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा तिनं माझ्याकडून करून घेतला. टाकीतलं पाणी भरलं की ओरडणारी शिट्टी केली. चुकाही केल्या. पहिल्यांदा तिनं डाख माझ्या टोकावर घेऊन थेंबासारखा तारेवर ठेवला; तो वरवर चिकटला आणि टिचकी मारताच निघाला. मग ती शिकली, की आधी तार तापवायची, डाख मागून द्यायचा. काम संपलं की ती मला ओल्या स्पंजावर पुसायची, चर्रर्र आवाज व्हायचा, आणि टोकावर डाखाचा नवा थर देऊन मला निजवायची. कॉलेजच्या प्रदर्शनात तिच्या पट्टीवरचे सांधे पाहून सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सगळ्या वर्गाला बोलावून दाखवले. ते सांधे माझे होते. राळेचा तो गोडसर धूर, दांड्यावरची तिची घामेजलेली बोटं… आठवलं की अजून माझ्या थंड अंगात ऊब येते.

पुढे तिला नोकरी लागली, लग्न झालं. इंद्रजीतबरोबर ती वाघोलीला आली आणि मीही आलो. मग सृष्टी झाली. रांगायला लागली तेव्हा एकदा तिनं माझी वायर धरून ओढली. मी गरम नव्हतो. तरी तेजस्विनीचा चेहरा पांढरा पडला. त्याच दिवशी तिनं मला डब्यात घालून माळ्यावर ठेवलं. मला राग आला नाही, मित्रांनो. त्या इवल्या बोटांना माझा चटका बसावा असं मलाही कधी वाटलं नसतं. फक्त वाट पाहणं काय असतं, ते तिथे शिकलो. नोकरीही सुटली होती तिची. खाली तिची पावलं दिवसभर वाजायची, पण माझ्या दिशेनं येत नव्हती.

एकदा मात्र आली. कारण होते अण्णा.

तेजस्विनीची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. अण्णा कसब्यात दोन खोल्यांत एकटे राहत होते आणि आता त्यांचे कान पुरते गेले होते. कानातलं यंत्र त्यांना सोसत नव्हतं. डोक्यात पत्रा वाजतो म्हणायचे आणि काढून ठेवायचे. दार वाजवलेलं कळेना, फोन वाजलेला कळेना. वाघोलीहून बस बदलत, लेकरू कडेवर घेऊन तेजस्विनी जायची आणि स्वतःच्या माहेरच्या दारात उभी राहून हात दुखेपर्यंत दार बडवायची. आत अण्णा तिचीच वाट पाहत बसलेले असायचे.

म्हणून तिनं ठरवलं, की अण्णांना डोळ्यांनी ऐकू यावं. दाराबाहेर बटण, आत एक डबी, डबीवर पिवळा दिवा. बाहेरून बटण दाबलं की आत दिवा उघडझाप करणार. मला पर्समध्ये घालून तिनं कसब्यात नेलं. माझा जुना ओटा, माझा तांब्याचा पिंजरा, सगळं पुन्हा दिसलं. अण्णांनी त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हत्यारं काढली होती. डबीत बटणाची तार जिला जोडायची, ती तांब्याची पट्टी त्यांनी स्वतः कापली, ठोकून, घासून दिली. लेकीच्या कामात आपला हात लागतोय म्हणून त्यांचे डोळे चमकत होते.

पण पट्टी जाड होती. मी पंचवीस वॅटचा. मी जीव तोडून तापलो, तरी माझी सगळी ऊब ती पट्टी पिऊन टाकायची आणि डाख गोळी होऊन घरंगळायचा. तेजस्विनी दोनदा, तीनदा प्रयत्न करत राहिली. पट्टी बारीक कापायला हवी होती, नाहीतर माझ्याहून मोठा आयर्न आणायला हवा होता. हे तिला कळत होतं. तेवढ्यात अण्णांनी फडताळातून कागदाची पुडी काढली आणि पट्टीवर चिमूटभर नवसागर टाकला.

तिचा हात थांबला. विजेच्या कामात हे चालत नाही, हे तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार होतं, आणि मोठ्यानं बोललं की अण्णांना ते रागावल्यासारखं दिसायचं. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि मला पट्टीवर टेकवलं.

पांढरा धूर निघाला. डाख क्षणात लोण्यासारखा पसरला.

"बघ," अण्णा म्हणाले. "धरला की नाही?"

भांडं असतं तर त्यांनी चिंच लावून घासलं असतं, खळाळून धुतलं असतं आणि नवसागर वाहून गेला असता. पण तारांनी भरलेली डबी पाण्याखाली कशी धरणार? तेजस्विनीनं ओल्या फडक्यानं जमेल तेवढं पुसलं. अण्णांनी डबी आपल्या खुर्चीच्या बरोबर समोर भिंतीवर लावली. ती बाहेर गेली, बटण दाबलं, दिवा लागला. दार इतक्या झटकन उघडलं की ती दचकली. अण्णा दारात उभे राहून लहान मुलासारखे हसत होते. त्यांनी तिला आणखी चारदा बाहेर पाठवलं.

मी परत माळ्यावर गेलो. त्यानंतरच्या महिन्यांत दिवा व्यवस्थित लागत होता, असं खालच्या बोलण्यातून मला कळायचं. माझ्या टोकाला मात्र तिथे काहीतरी टोचत, खात होतं. नवसागराचा एक कण माझ्याही अंगावर राहिला होता.

आणि मग ती स्टूल सरकवणारी दुपार. आदल्या दिवशी काय घडलं ते मी पाहिलं नाही. डबा खाली उतरवता उतरवता तेजस्विनी इंद्रजीतशी फोनवर बोलत होती, ते ऐकलं. तो कामासाठी चेन्नईला होता. मी आणि सृष्टी रविवारी येतो, असं अण्णांच्या शेजारच्या रंगरावकाकांकरवी तिनं अण्णांना कळवलं होतं. ती गेली, बटण दाबलं. दार उघडलं नाही. पुन्हा दाबलं, बडवलं. रंगरावकाकांच्या दाराला कुलूप होतं. खालच्या दुकानदारानं सांगितलं, सकाळी अण्णा देवळाकडे जाताना दिसले होते. तिला वाटलं, विसरले असतील, तिकडेच बसले असतील. ती देवळात जाऊन आली, तिथे नव्हते. पुन्हा दारात थांबली. सृष्टी उन्हानं रडकुंडीला आली होती. शेवटी तिनं पुरणपोळ्यांची पिशवी कडीला अडकवली आणि ती परतली.

संध्याकाळी रंगरावकाकांच्या फोनवरून अण्णा बोलले. त्यांना पलीकडचं ऐकू येत नाही, म्हणून ते आपलं बोलून झालं की फोन परत देऊन टाकतात.

"पोळ्या मिळाल्या," ते म्हणाले होते. "आलीस आणि गेलीस होय? मी तर दिव्याकडंच बघत बसलो होतो."

हे इंद्रजीतला सांगता सांगता तेजस्विनीनं माझा डबा उघडला. त्या सोमवारी सकाळीच सृष्टीला शाळेत सोडून ती कसब्यात जाऊन बटणासकट डबी काढून घेऊन आली होती. डबी होईपर्यंत दार उघडंच टाकून बसतो, म्हणाले होते अण्णा. भर पेठेत, एकटा बहिरा माणूस, दार सताड उघडं. म्हणून तिला आता घाई होती.

तिनं डबीचे स्क्रू काढले. आतला सांधा हिरवागार झाला होता. तांब्याच्या भांड्यात आंबट राहिलं की ते कळकतं, तसा सांधा कळकला होता. दमट हवेत नवसागरानं तार आतून खाऊन टाकली होती. बोट लागताच ती तुटली. तेजस्विनीनं तो हिरवा डाग नखानं खरवडून पाहिला. मग तिनं मला वळवलं. माझ्या टोकावर खड्डे पडले होते, काळं चढलं होतं. मी तापलो, पण डाख माझ्या अंगावर थांबेना. मला वाटलं, संपलं आपलं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊनच तपकीर गल्लीत गेली. दुकानात आता त्या दुकानदाराचा मुलगा बसतो. अभिनव त्याचं नाव. त्यानं मला दोन बोटांत उचललं.

"ताई, हा म्युझियमला द्या. नवीन सोल्डरिंग स्टेशन घ्या ना, टेम्परेचर सेट होतं, डिस्प्ले आहे."

"बिट आहे का याला?" तेजस्विनीनं विचारलं.

"बिट आहे. पण…"

"मग बिट द्या."

तिनं बिट निवडलं ते सुईसारखं नाही, छिन्नीसारखं चपटं. रुंद टोक तारेला जास्त अंगानं भिडतं, ऊब पटकन पोचते. राळेच्या पोटाची बारीक तार घेतली, जुना डाख शोषून घेणारी तांब्याची जाळीदार पट्टी घेतली आणि राळेची एक छोटी डबी. अभिनवनं बिल करता करता मला पुन्हा एकदा पाहिलं आणि जरा जपून परत दिलं.

अण्णांना तिनं खरं सांगितलं नव्हतं. डबी काढताना, काय बिघडलं म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा तिनं नुसता सेल काढून, तो संपलाय असं खुणेनं दाखवलं होतं. सांध्याचा दोष नाही, म्हणून त्यांना केवढं हलकं वाटलं. आणि निघताना, नव्या सेलच्या तारा जोडायला लागतील म्हणून, त्यांनी तिच्या हातात नवसागराची पुडी ठेवली. "डाख लावताना घाल हं," म्हणाले. ती पुडी तिनं स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. टाकून देणं काही जमलं नाही.

आज दुपारी, सृष्टी झोपल्यावर, तिनं मला नव्या टोकासकट तापवलं. खिडकी उघडी ठेवली. जाळीदार पट्टीनं जुना डाख उचलला, हिरवं खरवडून तांबं लाल केलं, अण्णांची जाड पट्टी कडेनं बारीक कापून घेतली. मग राळ लावून मला टेकवलं. मी सगळी ऊब ओतली. मागून डाख आला, पसरला, चमकला. राळेचा धूर वर गेला. दांड्यावर पुन्हा तीच बोटं होती, आता जरा खरखरीत झालेली. मित्रांनो, याच क्षणासाठी मी इतकी वर्षं अंधारात पडून होतो.

तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी पडलं असेल. निवडताना कामाच्या मापाचं निवडा. फार मोठंही नको, फार छोटंही नको. वापरताना मोठं माणूस जवळ असू द्या. काम झालं की पुसा आणि ठेवताना टोकावर डाखाचा थर राहू द्या. उघडं टोक हवेनं गंजतं. आणि अधूनमधून, काही काम नसलं तरी, आम्हाला बाहेर काढा. फार काही मागत नाही आम्ही.

तेजस्विनीनं स्पंजावर मला पुसलं तेव्हा चर्रर्र झालं आणि त्या आवाजानं सृष्टी उठून आली. डोळे चोळत आईला टेकून उभी राहिली. आईनं बटण तिच्या हातात दिलं. सृष्टीनं दाबलं. पिवळा दिवा लागला, विझला, लागला. ती हसली. पुन्हा दाबलं. मग बटणावरचं बोट तसंच ठेवून ती विचारात पडली.

"आई, दिवा लागला की आपण आलो, हे आजोबांना कळतं ना?"

"हो, राजा."

"मग आपण आज येणार नाही, हे त्यांना कशानं कळतं?"